एक जूनची माणसं

भिंतभर पडद्यावर राज्यातल्या साठीकडे झुकलेल्या माणसांच्या जन्मतारखा मांडल्या होत्या. जानेवारी ते डिसेंबर सगळं सपाट, उन्हाळ्यातल्या माळासारखं. आणि मधोमध एकच सुळका, पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला.

एक जून.

"हे काय आहे?" बर्वे मॅडमनी विचारलं.

"त्याच्या नऊ महिने आधी गणपतीची सुट्टी असते, मॅडम," कौस्तुभ म्हणाला. "अख्खा महाराष्ट्र घरी होता."

खोली हसली. रेणुका विटकर सगळ्यांत मोठ्यानं हसली.

तिच्या बापाचा वाढदिवस एक जूनला असतो. म्हणजे कागदावर असतो. खरा दिवस त्याला जन्म देणाऱ्या बाईलाही ठाऊक नव्हता. तिला एवढंच आठवायचं की कळा सुरू झाल्या तेव्हा डोक्यावर खडीची पाटी होती. पोराला शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, कधीचं हे? घरच्यांनी सांगितलं, दुष्काळाच्या पुढच्या सालचं. गुरुजींनी हिशेब केला. शाळा जूनमध्ये भरते, पोराला सहा पुरी पाहिजेत. लिहिलं एक जून आणि पुढच्या पोराला हाक मारली. असं गावोगाव झालं. दगड फोडणारे, ऊस तोडणारे, पालात राहणारे, मेंढरामागं फिरणारे. एक पिढीच्या पिढी एका दिवशी जन्माला घातली गेली, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण त्या पोरांचे वाढदिवस कुणी करणारच नव्हतं.

पण हे त्या खोलीत कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं ते म्हातारे कर्मचारी निवृत्त झाले होते. उरलेले सगळे दवाखान्यात जन्मलेले. कौस्तुभच्या जन्माची तर मिनिटासकट वेळ नोंदलेली होती, पत्रिकेसाठी.

"बोगस," मॅडम म्हणाल्या. "बनावट लाभार्थी. तारीख सुचली नाही की एकच ठोकून द्यायची."

बोगस हा शब्द आपल्याकडे गरिबासाठी राखून ठेवलेला आहे. श्रीमंताच्या कागदात त्रुटी असते.

तरी मॅडम कामाला चोख बाई. त्यांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं, "दुसरं काही कारण असू शकतं का? स्थानिक काही? कुणाला माहीत आहे?"

रेणुकानं पेनाचं टोपण काढलं. लावलं. परत काढलं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याच्या मागं लगेच आलं असतं, तुला कसं माहीत? आणि त्याच्या मागं सगळी वरात. ऑफिसात ती 'रेणुका व्ही.' होती. सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही साऊथच्या का? ती नुसती हसली होती, आणि त्या हसण्यावर तिची सगळी नोकरी उभी होती. वडील काय करायचे? कन्स्ट्रक्शनमध्ये होते. खोटं नव्हतंच. घरून फोन आला की ती जिन्यात जाऊन बोलायची, कारण वडिलांशी, म्हणजे आप्पांशी, वडारी बोलावी लागे.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "तसं काही ऐकलेलं नाही."

*

काम काय होतं ते सांगतो.

राज्यातल्या प्रत्येक माणसाची एक देहप्रत होती. देहप्रत म्हणजे यंत्राच्या पोटातलं तुमचं दुसरं शरीर. मनगटावरच्या पट्टीतून नाडी, दवाखान्यातून रक्त, श्वासाच्या नळीतून फुप्फुस, असं वर्षानुवर्षं गोळा होत होत तिथं एक हिशेबी शरीर तयार झालं होतं. ते तुमच्यासारखंच दमे, तुमच्यासारखंच सुजे. डॉक्टर औषध आधी त्याला द्यायचे. त्याला सोसलं तर तुम्हाला. ज्यांचे आजार जुने, त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली औषधाची कुपी बसवलेली असे. करंगळीच्या पेराएवढी. देहप्रत रोज सकाळी कुपीला सांगायची, आज इतकं सोड. कुपी तेवढं सोडायची. खाणीत दगडाची धूळ खाऊन ज्यांची फुप्फुसं कडक झाली होती, ती माणसं केवळ या कुपीवर तगून होती. आधीची पिढी याच दुखण्यानं चाळिशीत खपलेली.

एवढी सगळी शरीरं ठेवलेली होती खाडीकाठच्या एका इमारतीत. आणि खाडी दर उधाणाला वर चढत होती. मागच्या पावसाळ्यात तळघरात पाणी आलं. सरकारनं ठरवलं, सगळं उचलायचं आणि देशावर न्यायचं, माणदेशातल्या पाथरमाळ नावाच्या गावी. तिथं काळ्या कातळात एक बंद पडलेली खाण होती. खोल, कोरडी, बारमाही थंड. यंत्रांना याहून चांगलं घर नाही.

पण न्यायचं कसं? तारेतून पाठवायला लागलं तर दहा वर्षं जातील इतका पसारा. म्हणून तबकड्यांवर उतरवून ट्रकनं न्यायचा. तरीही ट्रक फार होत होते आणि पावसाळा दारात आला होता. मग यंत्रवाले जे नेहमी करतात ते करायचं ठरलं: तीच गोष्ट दोनदा लिहायची नाही. माणसाचं शरीर नव्वद टक्के दुसऱ्यासारखंच असतं. तेव्हा एक सामायिक देह एकदाच न्यायचा, आणि प्रत्येकाचा फक्त फरक. आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या तर दोन्ही एकात मिसळायच्या, आकड्यांची सरासरी काढून. पसारा निम्म्यावर येत होता. हुशारीचं काम होतं, त्यात शंका नाही.

दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवण्याचा नियम रेणुकाकडे आला. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, गाव आणि जनुकांतल्या काही निवडक खुणा. एवढं जुळलं की एक माणूस. तिनं भांडून त्यात एक अट वाढवली. बोटांचे ठसेही जुळले पाहिजेत.

"कशाला? वेळ जाईल," कौस्तुभ कुरकुरला.

"असू दे. खऱ्या माणसाचं नुकसान नको."

हे बोलल्यावर तिला बरं वाटलं. आपण गप्प बसलो खरं, पण मागच्या दारानं आपल्या माणसांची सोय लावून आलो. माणूस स्वतःला असं स्वस्तात माफ करतो.

आणि इथंच ती चुकली. दुसरा कुणी चुकला असता तर समजण्यासारखं होतं. लहानपणी रेशनच्या दुकानात ती आप्पांचं बोट धरून उभी राहायची. आप्पा यंत्रावर अंगठा ठेवायचे. यंत्र लाल व्हायचं. दुकानदार अंगठा फडक्यानं पुसायचा, दाबायचा, परत लाल. "काय रे, बोटं घासून खाल्लीस काय?" मागची रांग हसायची. दगडानं आप्पांच्या बोटांवरच्या रेघा कधीच खाऊन टाकल्या होत्या. वस्तीतल्या एकाही हाताला ठसा नव्हता.

त्यामुळे त्या सगळ्यांच्या नोंदीत ठशाची जागा रिकामी होती. यंत्राला विचारलं गेलं, या दोघांचे ठसे सारखे आहेत का? इकडं काही नाही, तिकडं काही नाही. यंत्र म्हणालं, सारखे आहेत.

*

पाथरमाळची खाण तिनं पहिल्यांदा वरून पाहिली, शासकीय गाडीच्या काचेतून. म्हणजे सोबतच्यांना तसं वाटलं. प्रत्यक्षात ती या खाणीत रांगली होती. समोरची उभी भिंत तिच्या माणसांनी सुतकीचा घण आणि पहार घेऊन हातानं सोलून काढली होती. आता त्या भिंतीत पोलादी दारं बसवली होती आणि एकामागून एक ट्रक आत शिरत होते. कुंपणापलीकडं पत्र्यांची वस्ती दिसत होती. तिसऱ्या रांगेत निळा पत्रा. तो तात्यांचा.

तात्या म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ. पण सख्ख्याहून सख्खे, कारण त्यांच्या बापांना, दोन सख्ख्या भावांना, दोन सख्ख्या बहिणी दिलेल्या. दोघी एकाच वेळी गरोदर होत्या, तेवढ्यात म्हातारा तिम्मा वारला. आजोबाचं नाव दोघींनाही हवं होतं आणि कुणीच मागं हटेना. मग दोन्ही पोरांना तिम्मा ठेवलं, थोरला तिम्मा आणि धाकटा तिम्मा. शाळेत घालायच्या दिवशी धाकट्याचा बाप दूर धरणाच्या कामावर होता, म्हणून थोरल्याचा बाप हणमंता दोघांनाही घेऊन गेला. गुरुजींनी विचारलं, बापाचं नाव? तो म्हणाला, हणमंता. गुरुजींनी दोघांपुढं तेच लिहिलं. वस्तीत याचा कधी घोळ झाला नाही. वस्तीला थोरला आणि धाकटा पुरेसं होतं.

रेणुकाची आई गेली तेव्हा आप्पा पुण्याकडं कामावर असायचे. तात्यांनीच तिला खांद्यावर घालून शाळेत पोचवलं. डाव्या खांद्यावर बसवायचे नाहीत. तो सुरुंगाच्या दगडानं मोडून वाकडा बसला होता.

ती पाहणीसाठी दोनदा पाथरमाळला येऊन गेली. दोन्ही वेळा कुंपणाच्या अलीकडूनच परतली.

तिसऱ्या वेळी बर्वे मॅडम, कौस्तुभ आणि मंत्रालयातले दोन साहेब बरोबर होते. फाटकाजवळ उभं राहून साहेबांना नकाशा दाखवत असताना पहारेकरी शेळके आला. "मॅडम, एक म्हातारा आलाय. तुमचं नाव घेतोय."

फाटकाच्या गजामागं तात्या उभे होते. धुतलेला सदरा. हातात फडक्यात बांधलेला जर्मनचा डबा. श्वास घेताना त्यांचे खांदे वर-खाली होत होते, आणि तिला बघून ते तोंडभर हसले.

शेळकेनं डब्याचं झाकण उचलून वास घेतला आणि मान मागं घेतली. "डुकराचं हाय, साहेब."

एका साहेबानं नाकाला रुमाल लावला. कौस्तुभ "बाप रे" म्हणाला. ऑफिसात रेणुका शाकाहारी होती. त्या डब्यात काय आहे आणि किती तिखट आहे, हे तिला झाकण उघडण्याआधीच कळलं होतं. तोंडाला पाणी सुटलं होतं तिच्या.

"तुझ्या ओळखीचे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"नाही," रेणुका म्हणाली. आणि तेवढ्यावर थांबली नाही. "गावातले असतील कुणी. काम मागायला आले असतील."

ती मराठीत बोलली होती, आणि तात्यांना मराठी छान येत होतं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तिथंच राहिलं, मालक निघून गेलेल्या घरासारखं. मग त्यांनी झाकण लावलं, फडक्याची गाठ मारली. "व्हय, साहेब," ते शेळकेला म्हणाले. "कामासाठीच आलतो. ह्या लई मोठ्या मॅडम हायत्या आसं ऐकलं, म्हून नाव घेटलं. माफी आसावी."

"जा, जा. म्हाताऱ्यांना कुठं काम असतंय हितं?"

"जातो की."

ते गेले. चार पावलं चालून थांबायचे, पुन्हा चालायचे. रेणुकानं नकाशावर बोट ठेवलं आणि साहेबांना थंड हवेची वाट समजावून दिली. आवाज जराही कापला नाही. याची लाज तिला पुढं सगळ्यांत जास्त वाटणार होती.

*

आप्पा ठाण्याला तिच्याकडंच राहायचे. ती परतली तेव्हा ते गॅलरीत बसले होते आणि हातातला चहा बशीत सांडत होता.

"आप्पा, काय होतंय?"

"गरगरतंय. काल जिन्यात पडता पडता वाचलो." मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "रेणे, हसू नको. पर माझ्या आंगात दुसऱ्याचं औषध चाललंय."

ती हसली नाही. तिनं त्यांची देहप्रत उघडली. पडद्यावर आप्पांचं पारदर्शक शरीर उभं राहिलं. फुप्फुसांवर पांढरे ठिपके, ते ओळखीचे होते. पण एक मूत्रपिंड आक्रसलेलं दाखवत होतं. आप्पांची मूत्रपिंडं ठणठणीत होती. वजन सहा किलो कमी. आणि डाव्या खांद्याचं हाड मोडून वाकडं जुळलेलं, पण अर्धवट. पुसट. जणू मोडलंही होतं आणि नव्हतंही.

आप्पा चष्मा सावरत पुढं वाकले. "ह्यो खांदा माझा न्हाई. ह्यो धाकल्याचा."

रेणुका खुर्चीत बसली.

एका शरीरात दोन माणसं घातली होती. तिच्याच नियमानं. एकच नाव, एकच बाप, एकच तारीख, एकच गाव, सख्ख्यांइतक्या जवळच्या जनुकखुणा, आणि ठशांच्या जागी दोन रिकाम्या चौकटी. थोरल्या तिम्माला अर्ध्या धाकट्याचं औषध मिळत होतं. मग धाकट्याला?

तिनं पाहिलं. धाकट्याची नोंद नव्हतीच. कुप्यांच्या यादीत त्याच्या कुपीपुढं एक ओळ होती: *दुहेरी. बंद.*

"आप्पा, तात्यांशी कधी बोललात?"

"चार दिस झालं. धाप लागलीया म्हनला. आरोग्य केंद्रात गेलता, तर तितली पोरगी म्हनली, तिम्मा विटकर ठाण्यात औषध घेतोय, तुमी कोण? तर मीच त्याला म्हनलं, आपली रेणू पाथरमाळाला येणार हाय. तिला जाऊन भेट. ती बसलीया की तितं." त्यांनी तिच्याकडं बघितलं. "भेटला न्हवं?"

"गर्दी होती," रेणुका म्हणाली.

म्हणजे ते डबा द्यायला आले नव्हते. डबा रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून होता. ते श्वास मागायला आले होते. आणि तिनं सांगितलं, काम मागायला आलेत.

*

सकाळी गाडी घाट चढत असताना तिनं मॅडमना फोन लावला. आप्पा मागच्या सीटवर होते.

"मॅडम, नियमात चूक आहे. रिकाम्या ठशाला रिकामा ठसा जुळतोय. खरी माणसं एकत्र झालीत. जुन्या तबकड्या चक्कीत घालू नका."

खाडीकाठच्या जुन्या तबकड्या दळून टाकायच्या होत्या. दुपारी पाथरमाळला उद्घाटन, मॅडमची सही, आणि तिकडं चक्की सुरू. एकदा दळलं की दोन शरीरं पुन्हा वेगळी करणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. नव्यानं मोजायला वर्षं लागली असती. तात्यांकडं वर्षं नव्हती.

"रिकामे ठसे बोगसच असतात, रेणुका," मॅडम म्हणाल्या. "खऱ्या माणसाला बोटं असतात."

"सगळ्यांच्या बोटांवर रेघा राहत नाहीत, मॅडम."

"हे तुला आज कळलं? नियम तू लिहिलास." जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी दगड नाही. एक जोडी दाखव. एक नाव, एक तारीख, आणि दोन जिवंत माणसं, माझ्यासमोर उभी. मग मी सगळं थांबवते. नुसत्या शक्यतेवर मंत्र्यांचा कार्यक्रम थांबत नाही."

"दाखवते," रेणुका म्हणाली. फोन ठेवताना तिला कळलं की आपण अजूनही फक्त ठशांबद्दलच बोललोय.

निळ्या पत्र्याखाली तात्या भिंतीला टेकून बसले होते. झोपलं की श्वास कोंडायचा म्हणून कितीतरी रात्री असेच बसून काढलेले. ओठांवर निळसर झाक. शेजारणीनं आरोग्य केंद्रातून प्राणवायूचं नळकांडं भांडून आणलं होतं. आप्पा त्यांच्यापुढं उकिडवे बसले आणि दोघं वडारीत काहीतरी पुटपुटले. रेणुका दारात उभी होती. तात्यांनी वर बघितलं.

"या, मॅडम," ते म्हणाले. "बसायला द्या गं त्यास्नी काहीतरी."

आप्पा हसले. त्यांना वाटलं, भाऊ पोरीची थट्टा करतोय.

*

फाटकाला झेंडूची तोरणं लागली होती. दोन म्हातारे एकमेकांच्या आधारानं चालत होते, मागं नळकांडं घेतलेली रेणुका.

शेळकेनं बघितलं आणि ओरडला, "ए बाबा, तू परत आलास व्हय? परवा मॅडमनी सांगितलं की, वळखत न्हाई म्हून! काम मागायला आलता म्हनल्या." मग त्याला मागची रेणुका दिसली आणि त्यानं गडबडीनं फाटक उघडलं.

आप्पा थांबले. त्यांनी शेळकेकडं पाहिलं, मग भावाकडं. तात्या जमिनीकडं बघत होते. शेवटी आप्पांनी मान वळवून लेकीकडं पाहिलं. पायरी चढताना तिनं त्यांच्या कोपराला हात लावला, तेव्हा त्यांनी कोपर सोडवून घेतलं. हळूच, माशी वारावी तसं.

आत गारवा होता. कातळाच्या पोटात यंत्रांचा एकसुरी आवाज. बर्वे मॅडम, कौस्तुभ, साहेब, सत्काराची शाल घेतलेला कुणीतरी. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि तपासणीच्या चौकटीकडं बोट केलं.

आप्पा चौकटीत उभे राहिले. पडद्यावर आलं, तिम्मा हणमंता विटकर. उपस्थित.

तात्या उभे राहिले. पडद्यावर आलं, तिम्मा हणमंता विटकर. आधीच उपस्थित.

"मी आधीच हाय म्हनतंय," तात्या धापा टाकत म्हणाले. "बरं हाय. मग मला कशाला दमवलं?"

कुणी हसलं नाही. कौस्तुभनं पडद्याकडं पाहिलं, दोघांकडं पाहिलं आणि खाली बघितलं. तो वाईट पोरगा नव्हता. त्याला माहीत नव्हतं एवढंच. जिला माहीत होतं ती नळकांडं धरून उभी होती.

"यंत्र फोड करायला साक्षीदार मागतंय," मॅडम म्हणाल्या. "दोघांना वेगवेगळं ओळखणारा माणूस, आणि त्याचं नातं. कोण आहे?" त्या तात्यांकडं वळल्या. "बाबा, तुम्हाला इथं कुणी आणलं? ही मुलगी तुमची कोण?"

तात्यांनी श्वास जमवला. "कोण न्हाई, साहेब. गावाकडची म्हून दया आली आसंल त्यास्नी. चांगल्या हायत्या."

अजूनही ते तिला झाकत होते. स्वतःचा श्वास पुरत नसताना तिच्या अब्रूसाठी खर्च करत होते. रेणुकाला वाटलं, या कातळानं आत्ता मिटावं. पण तो तिच्याच माणसांनी सोलून ठेवला होता आणि तो काही मिटणार नव्हता.

"मी साक्षीदार," ती म्हणाली. नळकांडं खाली टेकवून तिनं पुन्हा म्हटलं. "मी. हे माझे वडील, थोरले तिम्मा. आणि हे माझे तात्या, धाकटे तिम्मा. माझं आडनाव विटकर. आम्ही वडार. ही खाण यांनीच काढलीय. परवा फाटकावर मी खोटं बोलले. आणि मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, एक जूनचं कारण कुणाला माहीत आहे का? मला माहीत होतं. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले होते."

साहेबानं शालवाल्याला बाहेर जायची खूण केली. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो फक्त रेणुकाच्या खोट्यामुळे नव्हता.

"असे किती असतील?" त्यांनी विचारलं.

"त्या सुळक्याखालचे कितीतरी. बघावं लागेल."

मॅडमनी फोन काढला. "चक्की थांबवा. एकही तबकडी आत जाऊ देऊ नका. नाही, मंत्र्यांना मी सांगते."

मग त्या स्वतः पडद्यापुढं बसल्या. जुनी तबकडी खाडीकाठी यंत्रावर चढवायला सांगितली. नोंद फुटली. एका चौकटीच्या दोन झाल्या, आणि दुसऱ्या चौकटीत हळूहळू एक शरीर भरत गेलं. आक्रसलेलं मूत्रपिंड आलं, मग डावा खांदा, आता पुसट नाही, नीट मोडलेला आणि नीट वाकडा. तात्यांच्या गळ्याच्या हाडाखाली बारीकसा टिक आवाज झाला. कुपी उघडली होती. आप्पांनी भावाच्या छातीवर पंजा ठेवला आणि तसाच ठेवला.

"शेवटचं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "साक्षीदारानं नातं सांगितलंय, ते नोंदवण्याआधी तुमची मान्यता लागते, बाबा. या म्हणतात तुम्ही यांचे तात्या. बरोबर आहे?"

रेणुका त्यांच्याकडं बघत होती. तिला फक्त एक शब्द हवा होता. आयुष्यभर त्यांनी तिला हाक मारली तो. रेणे. शिवी दिली असती तरी चाललं असतं, रेणे म्हणून दिली असती तर.

तात्यांनी एक लांब श्वास घेतला. बऱ्याच दिवसांनी पूर्ण आत गेलेला. मग ते अदबीनं म्हणाले,

"मॅडम म्हनत्यात म्हंजी आसंल."